हुरड्याच्या दिवसांतला भडका

जिंतूरच्या बसस्टँडसमोर परवा एका हातगाडीवर हुरडा दिसला. कोवळा, पोपटी, छोट्या पिशव्यांत बांधून ठेवलेला. मी अर्धा किलो मागितला, मग पावच दे म्हटलं, मग म्हटलं राहू दे. गाडीवाला माझ्याकडं पाहतच राहिला. त्याला काय सांगणार? हुरडा ही घरी नेऊन एकट्यानं खायची चीज नाही, आणि माझ्या घरी आता जेवायला एकच ताट निघतं.

हे दिवसच तसे असतात. कापसाची शेवटची वेचणी उरकत आलेली असते, तुरीच्या शेंगा वाळायला लागतात आणि ज्वारी चिकात येते. दाणा नखानं दाबला की दूध निघतं. पंधरा-वीस दिवस, फार तर महिना. मग दाणा भरतो, कडक होतो आणि भाकरीचा होतो. हुरड्याचा राहत नाही. सकाळी बोटं गारठतात आणि दुपारी ऊन असं टोचतं की स्वेटर घालावं की काढावं ते कळत नाही. खेड्यांकडून येणाऱ्या एसटीतून माणसं उतरतात, त्यांच्या कपड्यांना गोवरीच्या धुराचा वास असतो. म्हणजे कुणाच्या तरी शेतात आगटी पेटली होती. आगटी म्हणजे जमिनीत उकरलेला वीतभर खड्डा. त्यात गोवऱ्या जाळून विस्तव करायचा, कणसं खुपसून भाजायची आणि गरम असतानाच तळहातावर चोळून दाणे काढायचे. चोळणाऱ्याचे तळवे भाजतात. खाणाऱ्याला ते जाणवत नाही.

मी इथल्या एका माध्यमिक शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं. गेल्या वर्षी निवृत्त झालो. जिंतुरात मला सगळे सर म्हणतात. किराणावाला म्हणतो, न्हावी म्हणतो आणि चारचौघांत माझी बायको सुनंदासुद्धा म्हणते. पण या सरांची खरी ख्याती गणितामुळं नव्हती, आवाजामुळं होती. मी दहावी ‘ब’मध्ये ओरडलो की ‘अ’ची पोरं गप्प बसत. आमचे मुख्याध्यापक गमतीनं म्हणायचे, शाळेची घंटा बिघडली तरी चालेल, सरांना तेवढं रजेवर जाऊ देऊ नका. मला ते आवडायचं. मी ते घरी येऊन दोनदा-तीनदा सांगितल्याचंही आठवतं.

रागवायला माणूस लागतं, हे मला फार उशिरा कळलं. आठ महिन्यांपूर्वी सुनंदा पुण्याला लेकीकडं गेली. लेकीला कावीळ झाली होती. कावीळ महिनाभरात बरी झाली, सुनंदा अजून तिथंच आहे. ती का परत आली नाही हे मी विचारलेलं नाही आणि तिनं सांगितलेलं नाही. रोज संध्याकाळी सात वाजता तिचा फोन येतो. जेवायला काय केलं, गोळी घेतली का, गॅस बंद केला का. मी विचारतो, “ती आहे का?” सुनंदा म्हणते, “हाय की. काम करायलीय.” मागं खुर्ची सरकल्याचा आवाज येतो. माझी आणि माझ्या लेकीची रोजची भेट ती एवढीच. मग फोन ठेवला की घरात काही म्हणजे काही ऐकू येत नाही. परवा दूध उतू गेलं, तर मी दुधावर ओरडलो. रिकाम्या स्वयंपाकघरात तो आवाज इतका मोठा निघाला की मीच दचकलो. शेजारच्या काकूंनी खिडकीतून विचारलं, “सर, कुनी आलंय का?” मी म्हटलं, कुणी नाही. खरंच कुणी नव्हतं.

स्नेहल माझी एकुलती एक मुलगी. पंचवीस वर्षांची आहे, लग्न झालेलं नाही आणि एका खलनायकाला तिनं जन्म दिला आहे. त्याचं नाव भडका.

भडका म्युटंट आहे. म्हणजे जन्मतःच त्याच्या रक्तात काहीतरी वेगळं आहे. ते त्यानं कमावलेलं नाही आणि त्याला ते टाकूनही देता येत नाही. त्याला काहीही वाटलं, आनंद, भीती, दुःख, माया, काहीही, की ते छातीत तापतं आणि तळहातांतून जाळ होऊन बाहेर पडतं. जितकं जास्त वाटेल तितका मोठा जाळ. कुणाचं वाईट करावं असं त्याच्या मनात नसतं, पण त्याला बरं वाटलं तरी गल्ली जळते. त्याच्याशी लढणारी एक मुलगी आहे, तिचं नाव चिडीचूप. तिची शक्ती एवढीच की ती गप्प राहिली की दिसेनाशी होते.

ही चित्रकथा फोनवर येते, दर गुरुवारी दुपारी एक भाग. हे मला स्नेहलनं सांगितलेलं नाही. माझा एक जुना विद्यार्थी बसस्टँडच्या मागं मोबाइलचं दुकान चालवतो. पोळ्याच्या सुमारास मी रिचार्जला गेलो तेव्हा त्यानं फोन पुढं केला. “सर, ही आपली स्नेहल न्हवं का? लय लोक वाचायलेत. माझी बायको तर परवा रडली हे वाचून.” मी चष्मा लावला. पहिल्याच चित्रात एक माणूस उभा होता. बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या, डावा हात कमरेवर, उजव्या हाताचं बोट वर. तोंडाजवळच्या फुग्यात लिहिलं होतं, ‘किती वेळा सांगायचं?’ मी त्याला लगेच ओळखलं. अकरा वर्षांपूर्वी हुरड्याच्याच दिवसांत तो मला एकदा भेटला होता, आणि तेव्हा मात्र मी त्याला अजिबात ओळखलं नव्हतं.

तेव्हा स्नेहल नववीत होती. सहामाहीत तिला गणितात कमी गुण पडले होते. गणिताच्या मास्तरच्या मुलीला! एका रविवारी मी तिच्या दप्तरात गणिताची वही शोधत होतो. ती सापडली नाही, ही सापडली. कोऱ्या पानांची जाड वही, आत चौकटी पाडून काढलेली चित्रं, मध्ये मध्ये संवाद. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि तसाच थांबलो. चित्रं चांगली होती. फारच चांगली होती. जळणाऱ्या गल्लीतून पळणाऱ्या एका बाईच्या पायातली एक चप्पल सुटली होती, आणि ती सुटलेली चप्पल पोरीनं चार चौकटींत तिथंच पडलेली ठेवली होती. एवढं भान मोठ्यामोठ्यांना राहत नाही.

मला अभिमान वाटला. आणि अभिमान वाटल्यावर मला जे करता येतं तेच मी केलं. लाल पेन घेतलं आणि वही तपासली. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. चुकलेले शब्द नीट केले, ‘म्युटंट’च्या समोर समासात ‘जन्मजात बदल झालेला’ असं लिहिलं, शेवटी दहापैकी साडेआठ गुण दिले आणि तारीख घालून सही केली. भडका कसा उभा राहतो, ओरडायच्या आधी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं कसा पुसतो, पुसताना कसा एक क्षण गप्प होतो, हे सगळं मी पाहिलं आणि मनात म्हटलं, पोरीचं निरीक्षण दांडगं आहे. हे लिहितानाही मला हसू येतं. म्हणजे हसूच असावं ते.

पुढच्या रविवारी चारठाण्याला दादाच्या शेतात हुरडा होता. दादा माझा थोरला भाऊ. मी शिकलो, तो शेतात राहिला. शाळेतले तीन-चार शिक्षक, त्यांची घरची माणसं, असे आम्ही एक जीप भरून गेलो होतो. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, मधल्या पायवाटेनं चाललं की पानं कानाला लागायची. लिंबाच्या सावलीत पोती अंथरलेली. शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही, बोरं, उसाचे करवे. आमच्या घरची रीत अशी की ज्याचं शेत तो चोळतो आणि पाहुणे खातात. पाहुण्यांचं पोट भरेपर्यंत चोळणाऱ्यानं एक दाणा तोंडात टाकायचा नाही. त्या शेतात माझाही वाटा होता, पण मी नोकरीवाला, म्हणून मी पाहुण्यांत बसलो. आगटीजवळ दादा एकटाच बसला होता. वहिनी सुपात पाखडून वाट्या भरभरून आणत होती.

खाणं उरकत आलं तशी मी पिशवीतून वही काढली. स्नेहल म्हणाली, “पप्पा, नको ना.” तिचा तेव्हाचा चेहरा मला आता दिसतो. तेव्हा मी म्हटलं, “नको काय? लाजायचं कशाला त्यात?” आणि उभा राहिलो. बाह्या दुमडल्या. एक एक पान सगळ्यांना दाखवत मोठ्यानं वाचायला लागलो. भडक्याचे संवाद भडक्याच्या आवाजात. त्यासाठी मला आवाज बदलावा लागला नाही. “किती वेळा सांगायचं? कळत नाही का? मी बोलायलोय ना!”

आधी सगळे खो खो हसले. मग एक एक जण हसायचा थांबला. चित्रकलेचे सर माझ्याकडं पाहत होते, मग वहीकडं पाहिलं, मग एकदम ज्वारीकडं पाहायला लागले. मुख्याध्यापक बोरातली बी तोंडातल्या तोंडात घोळवत बसले. सुनंदा चटणीच्या डब्याचं झाकण लावत होती, लागलेलं झाकण पुन्हा पुन्हा. मला वाटलं, गोष्ट रंगली. मी आवाज आणखी चढवला.

वहिनी सूप घेऊन उभी होती. तिनं विचारलं, “पोरी, ह्यो कोन गं? लय तापट हाय बाई.”

“कुनी न्हाई, काकू,” स्नेहल खाली मान घालून म्हणाली. “म्युटंट हाय. जन्मापासूनच तसा हाय. त्याची काही चूक न्हाई त्यात.”

आणि मी, शहाणा, सगळ्यांना म्हणालो, “बघा, यात विज्ञानसुद्धा आहे!”

लोक जीपकडं गेले. मी पिशवी घ्यायला मागं राहिलो. दादा पायानं आगटीवर माती लोटत होता. त्याचे तळवे काळेकुट्ट झाले होते. माझ्याकडं न पाहता तो म्हणाला, “दिगू, तुला खरंच कळलं न्हाई?”

“काय?”

“पोरीनं तुला काढलंय की रे. सगळ्यायला कळलं.”

मला लाज वाटली. इतकी लाज आयुष्यात आधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही. छातीतून ती वर आली, घशाशी आली, आणि तोंडातून बाहेर पडली ती अशी: “तुम्हा अडाण्यांना काय कळतं रे चित्रातलं? खामखा माझ्या घरात भांडण लावू नका!”  दादा हात धुवायला विहिरीकडं गेला. दिवसभरात त्यानं हुरड्याचा एक दाणा खाल्ला नव्हता.

 घरी आल्यावर मी वही तिच्या टेबलावर ठेवली, एक शब्द न बोलता. माझ्या दृष्टीनं तो मोठाच संयम होता. त्यानंतर स्नेहलनं मला एकही चित्र दाखवलं नाही. गणितात मात्र ती सुधारली. मी म्हटलं तशी इंजिनिअर झाली, पुण्यात नोकरीला लागली, सणावाराला येत राहिली. येताना माझ्यासाठी न विसरता काहीतरी आणायची, आणि मी दिसलो की बोलता बोलता थांबायची. बैठकीत दोघी मायलेकींचं हसणं चाललेलं असायचं, मी आत पाऊल टाकलं की टीव्हीचा आवाज ऐकू यायला लागायचा.

दुपारी ऊन खात ओट्यावर बसलं की आता नको ते आठवत बसतं. आमचे वडील कधी आवाज चढवत नसत. दादाही नाही. एकाच आईच्या पोटी जन्मलो, मग हे माझ्याच रक्तात कुठून आलं? स्नेहल सहा वर्षांची असताना पाथरीच्या बसस्टँडवर तिचा हात सुटला होता. दहा मिनिटं ती सापडली नाही. त्या दहा मिनिटांत मी देवाला काय काय कबूल केलं ते सुनंदालाही माहीत नाही. ती रसवंतीसमोर घुंगरांकडं बघत उभी होती. मला पाहून ती हसली, धावत आली, आणि मी तिच्या पाठीत धपाटा घातला. “कुठं मेली होतीस?” सगळा स्टँड बघायला लागला. माझे पाय लटलट कापत होते. पाय तर तिच्या डोळ्यांसमोरच होते, पण मूल तोंडाकडं बघतं. आई गेली तेव्हाही मी रडलो नाही. लाकडं उशिरा आणली म्हणून त्या माणसाशी भांडलो. लोक म्हणाले, सर खंबीर आहेत.

पाथरीचा प्रसंग तिच्या गोष्टीत आहे. भडका हरवलेली मुलगी शोधतो आणि ती सापडल्यावर त्याला इतका आनंद होतो की रसवंती जळून खाक होते. खाली वाचकांनी लिहिलं होतं, ‘याला संपवा आता.’ एकानं हात जोडलेलं चित्र टाकून लिहिलं होतं, ‘ताई, कसंही मारा पण मारा.’ मी ते सगळं वाचत असे. बोटानं वर सरकवत, शेवटपर्यंत.

दोन वर्षांपूर्वी, याच दिवसांत, ती न कळवता आली होती. दुपारची वेळ. सुनंदानं पोहे केले. स्नेहलनं ताटली हातात घेतली, खाली ठेवली आणि उभी राहिली. म्हणाली, “पप्पा, मी नोकरी सोडली. आता चित्रंच काढणार हाय. तुमाला समोर येऊन सांगावं म्हणून आले.” आवाज कापला नाही. नजर खाली गेली नाही.

मला तेव्हा काय वाटलं ते इथं लिहितो, कारण तेव्हा बोललो नाही. मला तिचा अभिमान वाटला. माझ्यासमोर उभं राहून असं बोलायला शाळेतला एक माणूस कधी धजला नव्हता. आणि भीती वाटली, हिचं कसं होणार याची. दोन्ही एकदम वर आलं. तोंड उघडलं तर काय बाहेर पडणार हे मला ठाऊक होतं, म्हणून उघडलंच नाही. उठलो, गच्चीवर गेलो, दाराला बाहेरून कडी घातली आणि पाण्याच्या टाकीला टेकून उभा राहिलो. घशाशी आलेले शब्द गिळत दोन तास काढले. जमलं, असं मला वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा जमलं. खाली आलो तो जवळजवळ हसत आलो. स्नेहल चारच्या गाडीनं निघून गेली होती. पोहे तसेच होते.

“ती वाट बघत बसली होती तुमची,” सुनंदा म्हणाली. “ओरडला असता तरी बरं झालं असतं.”

मला त्या बोलण्याचा अर्थ लागला नाही. उलट राग आला. मी एवढं केलं, त्याची कुणाला किंमत नाही, असं वाटलं. स्नेहल त्यानंतर घरी आली नाही. फोन फक्त आईला करायची. मी तिला केला नाही, तिनं मला केला नाही. एकमेकांशी न बोलण्याची सवय फार लवकर लागते.

मागच्या गुरुवारी भागाच्या शेवटी एक ओळ होती: ‘पुढचा भाग शेवटचा.’ खाली वाचकांची झुंबड उडाली. बहुतेकांना भडका मेलेला हवा होता. आता तो म्हातारा झाला होता, गावाबाहेर एका घरात एकटा राहत होता, आजूबाजूला काही वाटावं असं माणूसच नसल्यानं त्याचे हात गार पडले होते. ‘आता सोपं आहे,’ असं एकानं लिहिलं होतं. मी लिहायला घेतलं, ‘नका मारू.’ पुसलं. ‘त्याला एकदा बोलू द्या’ असं लिहिलं, तेही पुसलं. मी कोण सांगणारा? संध्याकाळी सुनंदाचा फोन आला तेव्हा विचारलं, “ती शेवट काय करणार आहे?”

“कशाचा शेवट?” सुनंदानं विचारलं. मी वाचतो हे त्या दोघींपैकी कुणालाच माहीत नव्हतं.

“काही नाही,” म्हटलं.

तो आठवडा मला फार जड गेला. कुणाला हसू येईल, निवृत्त गणिताचा मास्तर चित्रातल्या माणसाचा घोर जिवाला लावून बसलाय. पण माझ्या लेकीच्या मनात माझं काय होणार हे कळायला मला दुसरा रस्ता उरला नव्हता. तिनं त्याला मारलं असतं, तर ती चूक आहे असंही मी म्हणू शकलो नसतो.

या गुरुवारी सकाळी दादाचा फोन आला. “दिगू, ये की. ज्वारी चिकात हाय. कुनी पाव्हणे न्हाईत, मी न् तुझी वहिनी.” मी दहाची गाडी पकडली. शेतात गेलो आणि न विचारता आगटीजवळ बसलो, दादाच्या शेजारी. पहिलं कणीस चोळलं तसा तळहात असा भाजला की हातातून सुटलंच. दादा हसला. “भाजतं व्हय?” मी म्हटलं, “भाजतं.” मग दोघं चोळत राहिलो. वहिनी म्हणाली, “भाऊजी, घरी एकट्यानं कसं करता हो? बेजार झाला असताल.” मी म्हटलं, चाललंय. त्या हुरड्याच्या दिवसाबद्दल दादाशी बोलायचं मनात होतं. “दादा, त्या दिवशी मी तुला...” एवढं म्हटलं, तर तो म्हणाला, “जाऊ दी,” आणि नवं कणीस माझ्या हातात दिलं.

शेतात रेंज फक्त विहिरीजवळ येते. दोन वाजता मी तिथं जाऊन उभा राहिलो. काळ्या हातांनी फोन उघडला.

शेवटच्या भागात एकही शब्द नव्हता. म्हातारा भडका घरात बसलेला. दारावर थाप पडते. तो उठतो, दार उघडतो. बाहेर चिडीचूप उभी, मोठी झालेली, खांद्याला पिशवी. लपलेली नाही, पूर्ण दिसते आहे. तो तिला पाहतो आणि त्याचे गार पडलेले तळवे लाल व्हायला लागतात. तो दार लावून घेतो. पुढचं चित्र बंद दाराचं, बाहेरून. इथंच तिनं गोष्ट संपवली असती तर तो माझा न्याय झाला असता. पण त्याच्या पुढं तिनं दाराची आतली बाजू काढली होती. आत तो जमिनीवर बसलाय, दोन्ही तळहात स्वतःच्या काखांत घट्ट दाबून. त्याचाच शर्ट जळतोय, त्याचीच कातडी. दारापर्यंत जाळ जाऊ नये म्हणून.

तिला हे कसं कळलं? मी तर कुणालाच सांगितलं नव्हतं.

आणि मग अगदी शेवटचं चित्र. चिडीचूप गेलेली नाही. पिशवी बाजूला ठेवून ती बाहेरच्या पायरीवर बसली आहे. खाली ‘समाप्त’. त्याच्या खाली वाचकांची नाराजी सुरू झाली होती. हा काय शेवट, फसवलं, पुढं काय झालं ते सांगा.

मी फोन लावला. सुनंदाला नाही, तिला.

“पप्पा?” ती घाबरली. “काय झालं? बरे आहात ना?”

मला हळू बोलायचं होतं. दोन वाक्यं जुळवलीही होती. पण तिचा आवाज कानावर पडला आणि छातीतून जे यायचं ते आलं. “असं असतं का कुठं? पोरीनं पायरीवर बसून राहायचं आणि त्यानं आत? किती दिवस? त्याला दार उघडता येत नाही का? अक्कल नाही का त्याला?” विहिरीतून माझा आवाज घुमून वर येत होता. तिकडं वहिनी हातातलं सूप ठेवून उभी राहिली.

“तुमी वाचता?” स्नेहलनं विचारलं.

“वाचतो! सगळे भाग वाचलेत! पहिल्यापासून!”

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, “रागावलात का?”

“नाही!”

“मग ओरडायलात कशामुळं?”

“तुझी आठवण येते म्हणून!” मी ओरडलो. “लय आठवण येते. मला दुसऱ्या आवाजात सांगता येत नाही, स्नेहल!”

 फोन कटला असं वाटून मी कानापासून काढून पाहिला. चालू होता. परत कानाला लावला तेव्हा ती म्हणत होती, “ठेवू नका, पप्पा. ओरडा तुमी. मी ऐकायलेय.”

मी तोंड उघडलं. आवाज निघेना. पुन्हा उघडलं, पुन्हा तेच. मग मला रडू फुटलं, आईच्या वेळी आलं नव्हतं ते, पाथरीच्या स्टँडवर आलं नव्हतं ते, सगळं एकदम, आणि तिला ते ऐकू जात होतं, आणि मी फोन तसाच कानाला धरून ठेवला.